पेपर, यूट्यूब की व्हॉट्सॲप? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गावातली बातमी आता सकाळच्या पेपरच्या आधी मोबाइलवर पोचते. ती कुणी पाठवली, खरी किती, चुकली तर जाब कुणाला विचारायचा, याबद्दल वाचकांनी प्रश्न पाठवले होते. त्यांतल्या सहांना इथे उत्तरे दिली आहेत.

मी शिरोळ तालुक्यातल्या एका गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. पुराच्या दिवसांत दर दहा मिनिटांनी ‘पाणी वाढलं’ असे मेसेज पडतात. पेपर येतो तोवर उशीर झालेला असतो आणि टीव्हीवर आमचा तालुका दिसतच नाही. कोणता मेसेज खरा मानायचा?

पुरात पेपरवर अवलंबून राहता येत नाही, हे तुमचे बरोबर आहे. पेपरची पाने रात्री लागतात आणि लांबच्या तालुक्यांची आवृत्ती त्याहून आधी सुटते. त्यामुळे सकाळी सहाला हातात पडलेला पाण्याचा आकडा आदल्या संध्याकाळचा असतो. अशा वेळी नीट चालवलेला गावचा ग्रुपच जास्त कामाचा.

पहिला नियम असा ठेवा: आकडा, ठिकाण, वेळ आणि आकडा कुठून आला या चार गोष्टी नसतील तो मेसेज पुढे जाणार नाही. ‘पाणी दोन फुटांनी वाढलं’ यातून काहीच कळत नाही. ‘राजाराम बंधारा, ४१ फूट ३ इंच, सायंकाळी ५ वाजता, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष’ यातून सगळे कळते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. या दोन्ही जागांचे आकडे ग्रुपवर वेगवेगळे टाका, कारण ते एकमेकांत मिसळले की गोंधळ उडतो. तुमच्या तालुक्याला तर दोन्ही लागतात. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगवटा धरते. राजारामची पातळी उतरू लागली तरी शिरोळात पाणी तसेच राहते ते यामुळे. ‘कोल्हापुरात पाणी ओसरलं’ ही बातमी खरी असली तरी तिच्या भरवशावर जनावरे परत आणू नका.

दुसरा घोळ एककांचा असतो. क्युसेक हा वाहण्याचा वेग आहे: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. टीएमसी (एक अब्ज घनफूट) हा साठा आहे. ११,५७४ क्युसेकने पूर्ण २४ तास पाणी सोडले तेव्हा एक टीएमसी होते. ‘धरणातून दहा टीएमसी सोडले’ असा मेसेज आला तर पाठवणाऱ्याला बहुधा दहा हजार क्युसेक म्हणायचे असते. या दोन्हींत किती अंतर आहे ते या हिशेबावरून दिसेल.

‘राधानगरीचे सातही दरवाजे उघडले’ या एका ओळीने दरवर्षी धावपळ होते. हे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला आले की ते आपोआप उघडतात आणि उतरले की मिटतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी जाते, म्हणजे सातांतून मिळून दहा हजारांच्या आतच. तेव्हा किती दरवाजे उघडले यापेक्षा एकूण विसर्ग किती क्युसेक आणि तो कधीपासून, हे लिहायला सांगा.

पावसाच्या आकड्यातही वेळ तपासा. हवामान खात्याचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा मोजतात. त्यांच्या भाषेत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘अति जोरदार’ आणि त्यापुढे ‘अत्यंत जोरदार’. ‘रेड अलर्ट’ असा मेसेज आला तर तो कोणत्या जिल्ह्यासाठी आणि कोणत्या तारखेसाठी हे विचारा. कालचा अलर्ट आज फिरणे ही नेहमीची चूक आहे.

ॲडमिन म्हणून एवढे करा. पाणी इशारा पातळीला आले की ग्रुपच्या सेटिंगमध्ये ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ हे चालू करा आणि दोन-तीन जबाबदार माणसांना ॲडमिन करा. मदतीच्या निरोपांसाठी वेगळा ग्रुप ठेवा, म्हणजे बोटीची हाक आकड्यांत हरवणार नाही. ताजा आकडा पिन करा आणि नवा आला की जुना काढा. चूक झाली तर १५ मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो. त्यानंतर ‘सर्वांसाठी हटवा’ हा पर्याय साधारण दोन दिवस उपलब्ध असतो, पण तोवर लोकांनी पुढे पाठवलेल्या प्रती त्याने पुसल्या जात नाहीत. म्हणून नुसते हटवून थांबू नका. आधी खरा आकडा वेळेसह लिहा आणि त्याखाली ‘४.२० चा मेसेज चुकीचा होता’ एवढेच म्हणा. चुकीचा आकडा पुन्हा लिहिला की लोकांच्या डोक्यात तोच राहतो.

घरातले मोठे लोक व्हिडिओ पाठवतात आणि ‘हे पेपरवाले दाखवणार नाहीत’ म्हणतात. एखादा व्हिडिओ खरा की जुना, हे साध्या मोबाइलवर कसे तपासायचे? (बार्शी)

व्हिडिओ थांबवून तीन स्क्रीनशॉट घ्या: एक सुरुवातीचा, एक गर्दीचा किंवा मुख्य घटनेचा, आणि एक असा ज्यात पाटी, वाहन किंवा इमारत दिसते. तिन्ही गूगल लेन्समध्ये टाका. पहिल्या निकालावर थांबू नका, सर्वांत जुनी तारीख कोणती दिसते ते शोधा. तोच व्हिडिओ दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्याच्या नावाने सापडला तर काम झाले.

सापडला नाही तर चित्राकडे बघा. गाडीच्या पाटीवर एमएच १३ आहे का, म्हणजे सोलापूर? की एमएच २०, म्हणजे छत्रपती संभाजीनगर? की पाटी दुसऱ्याच राज्याची आहे? दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत? आवाज बंद करून एकदा आणि डोळे मिटून एकदा, असा दोनदा व्हिडिओ तपासा. मागे बोलणाऱ्यांची भाषा कित्येकदा ठिकाण सांगून जाते. वर नवीन आवाज चढवलेला असेल तर त्यात मागची गर्दी ऐकू येत नाही, तेही लक्षात येते. मे महिन्यातली घटना म्हणतात आणि लोकांच्या अंगात स्वेटर आहेत, अशा साध्या विसंगतीही सापडतात.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत मूळ तारीख-वेळेची माहिती राहत नाही. पाठवणारा म्हणत असेल की त्याने स्वतः काढला, तर त्याला तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तसा पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते. यंत्राने (एआयने) बनवलेली चित्रे बोटे मोजून ओळखण्याचे दिवस गेले. मराठी पाट्यांवरची जोडाक्षरे अजून पुष्कळदा बिघडलेली दिसतात, पण तेवढ्यावर विसंबू नका. ‘हे कुणी, कुठे उभे राहून काढले?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल तर पुढे पाठवू नका.

मेसेजवर दोन बाणांची खूण दिसली तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलेला आहे. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. ही बंधने सहज आलेली नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच चॅटना मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आली. घरातल्या मोठ्यांना तंत्र शिकवण्याआधी ही घटना सांगा.

तालुक्याच्या बातम्यांचे यूट्यूब चॅनेल सुरू करायचे आहे. एकाने ‘सरकारमान्य प्रेस कार्ड’ आणि नोंदणी करून देतो म्हणून पैसे मागितले. नेमकी कोणती नोंदणी लागते? (चाळीसगाव)

पैसे देऊ नका. वृत्तपत्रांची नोंदणी आता प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा २०२३ खाली होते. १ मार्च २०२४ पासून तो लागू झाला आणि १८६७ चा जुना कायदा गेला. पण हा कायदा छापील नियतकालिकांसाठी आहे. यूट्यूब चॅनेलला त्याखाली क्रमांक मिळत नाही. जो ‘आरएनआय नंबर’ (वृत्तपत्राचा नोंदणी क्रमांक) देतो म्हणतो तो एकतर दुसऱ्या कुठल्या साप्ताहिकाचा क्रमांक वापरतो किंवा सरळ फसवतो. उद्यम नोंदणीचे (लघुउद्योग म्हणून नोंदीचे) प्रमाणपत्र व्यवसायासाठी उपयोगी आहे, बँकेत चालू खाते काढायला कामाला येते, पण तो बातमीचा परवाना नाही. ‘प्रेस’ लिहिलेले कार्ड कुणीही छापू शकतो. शासनाची अधिस्वीकृती (पत्रकार म्हणून अधिकृत मान्यता) माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून मिळते आणि तिची प्रक्रिया वेगळी आहे.

डिजिटल बातम्यांना लागू पडतात ते माहिती तंत्रज्ञान नियम २०२१. बातम्यांचे काम व्यवसाय म्हणून नियमितपणे करणाऱ्याने काम सुरू केल्यापासून ३० दिवसांत केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला आपली माहिती कळवायची असते. माहिती कळवली म्हणजे मान्यता मिळाली असे नव्हे, आणि त्या पत्राची चौकट करून ‘सरकारमान्य’ लिहू नका. याच नियमांतली आचारसंहिता आणि तीन पातळ्यांची तक्रार यंत्रणा यांना (नियम ९ चे उपनियम १ आणि ३) मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी अंतरिम स्थगिती दिली. तरीही चॅनेलच्या ‘अबाउट’ विभागात जबाबदार माणसाचे नाव, पत्ता आणि तक्रारीचा ईमेल जरूर लिहा. तालुक्यातल्या निम्म्या भांडणांचे मूळ असते ते ‘यांना गाठायचं कुठे’ हेच न कळण्यात.

खरा धोका नोंदणीत नाही, बातमीच्या मजकुरात आहे. नवी चॅनेले सर्वांत जास्त अडकतात ती पीडितांची ओळख उघड करून. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड केली तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पीडित बालक असेल तर पोक्सोचे (बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचे) कलम २३ लागू होते. गुन्ह्यात आरोपी म्हणून सापडलेल्या अल्पवयीन मुलाची ओळखही बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे देता येत नाही. चेहरा धूसर केला म्हणजे झाले असे समजू नका. शाळेचा गणवेश, घराचा दरवाजा, वडिलांचे किंवा मामाचे नाव, लहान वाडीचे नाव, यांतली एकही गोष्ट गावाला पुरते. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये नाव चुकून आले असले तरी ते तुम्ही वाचायचे नाही. आणि अशा ठिकाणाहून लाइव्ह कधीच करू नका, कारण लाइव्हमध्ये कापायला वेळ मिळत नाही.

प्रत्येक बातमीसाठी एक साधी वही ठेवा: कुणाशी बोललो, किती वाजता, काय म्हणाले, कोणता कागद पाहिला. ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन केल्याची वेळ लिहा, आणि तो बोलला नाही तर तेही बातमीत सांगा. न कापलेले चित्रीकरण जपा. फुल एचडीमध्ये मिनिटाला साधारण १०० ते १३० एमबी जागा जाते, म्हणजे रोज अर्धा तास चित्रीकरण केले तर महिन्याला शंभर जीबीच्या आसपास. एक हार्ड डिस्क पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. अंगावर लावायचा माइक कॅमेऱ्याच्या आधी घ्या. चित्र हलले तर लोक पाहतात, आवाज नीट नसला तर बंद करतात.

ग्रामपंचायतीच्या बातम्या ऐकीव माहितीवर करू नका. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. ‘भ्रष्टाचाराची माहिती द्यावी’ असे लिहिले तर काहीच हाती येत नाही. ‘अमुक रस्त्याचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती आणि अदा केलेली देयके’ असे कागदांच्या नावाने मागा. मोठ्या दैनिकाच्या जिल्हा कार्यालयाला एका वाडीच्या रस्त्यामागे महिनाभर लागणे जमत नाही, तुम्हाला जमते. तालुक्याच्या चॅनेलचे बळ इथेच आहे.

अशा चॅनेलला पैसे कुठून मिळतात? टीव्हीवरची क्लिप दहा सेकंद वापरली तर चालते असे ऐकले आहे. (मालवण)

आधी क्लिपचे. दहा सेकंदांची सूट कायद्यात कुठेही नाही. स्वामित्व हक्क कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये टीका, परीक्षण आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी वाजवी वापराला जागा आहे. पण वाजवी म्हणजे किती हे प्रत्येक प्रकरणात पाहिले जाते. एखाद्या वाहिनीने काय दाखवले यावर तुम्ही बोलत असाल तर तेवढा तुकडा घेण्याला आधार आहे. स्वतःकडे चित्रीकरण नाही म्हणून त्यांचे वापरले, तर आधार नाही. यूट्यूबवर ९० दिवसांत कॉपीराइटचे तीन स्ट्राइक (उल्लंघनाचे ठपके) आले तर चॅनेल बंद होते, जुन्या व्हिडिओंसकट. कंटेंट आयडीचा (दुसऱ्याचा मजकूर आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा) दावा आणि स्ट्राइक या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत: दाव्यात बहुतेक वेळा उत्पन्न दुसऱ्याकडे जाते, चॅनेलला धोका नसतो. दोन्ही एक समजून घाईत प्रतिसूचना (स्ट्राइकविरुद्धची लेखी हरकत) पाठवू नका, तिच्यात तुमचे नाव आणि पत्ता समोरच्याला कळतो.

आता पैशांचे. जाहिरातींतला वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज लागतात. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरात उत्पन्नातून ५५ टक्के चॅनेलला मिळतात. ॲडसेन्सवर (जाहिरातींचे पैसे जमा होतात ते गूगलचे खाते) १० डॉलर जमले की पत्त्याच्या पडताळणीचे पत्र टपालाने येते. चार महिन्यांत त्यातला पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. कोकणातल्या वाडीवर पोस्टमनला चॅनेलचे नाव ठाऊक नसते, म्हणून पत्ता घरमालकाच्या नावासह नीट लिहा. पैसे १०० डॉलर झाल्यावरच निघतात. अमेरिकेच्या कराचा फॉर्म पॅन क्रमांकासह लगेच भरा. तो भरलेला असला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या उत्पन्नातून करारानुसार १५ टक्के कापले जातात, नसला तर सगळ्या उत्पन्नातून २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. तिकडचे चाकरमानी गावची जत्रा पाहतात अशा चॅनेलला हा फरक जाणवतो.

एवढ्यावर तालुक्याचे चॅनेल चालत नाही. मग आधार उरतो तो वाढदिवसाच्या शुभेच्छा, उद्घाटने आणि पुढाऱ्यांची ‘विशेष मुलाखत’. इथे पेपर काही धुतल्या तांदळाचे नाहीत. गावपातळीच्या वार्ताहराला पगाराऐवजी जाहिरातींवरचे कमिशन आणि पुरवणीचे उद्दिष्ट देण्याची पद्धत त्यांनीच वर्षानुवर्षे चालवली. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याच्याच विरोधात बातमी लिहायची, हे ओझे त्या वार्ताहराने पेलले. नव्या चॅनेलने तीच वाट धरू नये असे आम्हाला कळकळीने वाटते. पैसे घेऊन केलेला व्हिडिओ असेल तर ‘जाहिरात’ हा शब्द पहिल्या पाच सेकंदांत पडद्यावर दाखवा आणि यूट्यूबच्या सशुल्क प्रसिद्धीच्या चौकटीवर खूण करा.

एका स्थानिक चॅनेलने आमच्या दुकानाबद्दल खोटी बातमी चालवली आणि एका साप्ताहिकाने ती तशीच छापली. तक्रार कुठे करायची? (परभणी)

आधी पुरावा धरा, मग भांडा. व्हिडिओची लिंक, अपलोडची तारीख, चॅनेलचे ‘@’ ने सुरू होणारे नाव (वरचे नाव कधीही बदलता येते) आणि पूर्ण व्हिडिओचे स्क्रीन रेकॉर्डिंग जपा. न्यायालयात ते वापरायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलची हॅश किंमतही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा खास संकेतांक) द्यावी लागते. ज्या फोनवर रेकॉर्डिंग केले तो विकू नका.

मग दोघांनाही लेखी खुलासा मागा. ‘तुम्ही बदनामी केली’ असे न लिहिता ‘मिनिट २.१४ ला अमुक म्हटले आहे, ते चुकीचे आहे, हा परवान्याचा कागद जोडला आहे’ असे लिहा. पुष्कळ प्रकरणे इथेच मिटतात.

साप्ताहिकाविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे जाता येते. संपादकाला लिहिलेल्या पत्राची प्रत, मूळ कात्रण आणि तिचे इंग्रजी भाषांतर जोडा. दैनिक-साप्ताहिकासाठी प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची मुदत आहे. कौन्सिल समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते, पण दंड करू शकत नाही. टीव्ही आणि यूट्यूब तिच्या कक्षेत येतच नाहीत.

यूट्यूबकडे बदनामीची तक्रार करताना नेमके शब्द आणि वेळ न लिहिल्यास ती परत येते. बदनामीसाठी ते बहुतेक वेळा न्यायालयाचा आदेश मागतात. त्यांच्या उत्तराने समाधान झाले नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. पोलीस ठाण्यात ‘गुन्हा दाखल करा’ म्हणून चकरा मारू नका: न्याय संहितेच्या कलम ३५६ खालची बदनामी अदखलपात्र आहे (पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत), फिर्याद थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावी लागते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा एका वर्षाच्या आत लावावा लागतो. वकिलाकडे जायला उशीर करू नका.

सगळ्या बातम्या मोबाइलवर मिळतात. दारातला पेपर बंद करावा म्हणतो. आमची जमीन रस्त्याच्या कडेला आहे, शेती वडिलांच्या नावावर आहे. (शहापूर)

तुमच्या बाबतीत आम्ही बंद करू नका असेच सांगू, आणि कारण अगदी रोकडे आहे. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची तर १९५६ च्या कायद्याच्या कलम ३अ ची अधिसूचना राजपत्रात निघते आणि तिचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापावा लागतो, त्यांतले एक स्थानिक भाषेतले. हरकतीला अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून फक्त २१ दिवस मिळतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली कलम ११ ची अधिसूचनाही परिसरात खपणाऱ्या दोन दैनिकांत द्यावी लागते आणि हरकतीची मुदत ६० दिवस असते. या नोटिसा ग्रुपवर कुणी टाकत नाही, कारण त्या बारीक टायपात, आतल्या पानावर, गट क्रमांकांच्या तक्त्यासह येतात. ‘माझ्या अशिलाने अमुक गटातील जमीन खरेदी करण्याचे ठरविले आहे, कुणाची हरकत असल्यास १५ दिवसांत कळवावे’ अशा वकिलांच्या जाहीर नोटिसाही तिथेच असतात. भावकीतल्या कुणी सामाईक जमिनीचा सौदा केला असेल तर पहिला सुगावा अशाच नोटिशीतून लागतो.

तेव्हा जिल्ह्यात खपणारा एक पेपर ठेवा आणि पहिले पान हवे तर मोबाइलवर वाचा. आपल्या सर्व गटांचे क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून रोज जाहीर नोटिसांच्या पानावरून नजर फिरवा, पाच मिनिटे लागतात. एखाद्या नोटिशीत आपला गट दिसला तर पेपरचे नाव आणि तारीख दिसेल असे पूर्ण पान जपून ठेवा, नुसते कात्रण नको. त्याच दिवशी तलाठ्याकडून ताजा सातबारा काढा आणि हरकत लेखी देऊन पोच घ्या.